बाल्टारचं काय करायचं?

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या सभेत खजिनदारांना सगळ्यांदेखत 'सूर्याजी पिसाळ' म्हटलं गेलं. विषय नेहमीचाच, पुनर्बांधणीचा. पावसाळा आला की डोक्यावरच्या स्लॅबकडे बघत झोपायचं म्हणजे काय, हे उल्हासनगरात जुन्या इमारतीत राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. खजिनदारांनी एका बिल्डरच्या संमतीपत्रावर सर्वांत आधी सही केली होती आणि इतरांनाही करायला लावली होती. आता तो बिल्डर फोन उचलत नाही. "किती घेतले?" असं मागच्या रांगेतून कोणीतरी विचारलं आणि मग जे सुरू झालं ते अर्धा तास चाललं. खजिनदार आधी ओरडले, मग समजावत राहिले, मग नुसतेच खुर्चीवर बसून राहिले. मी काही बोललो नाही. खरं सांगायचं तर मनातल्या मनात मीही आकडा मांडत होतो.

घरी आलो आणि जेवताना एकदम बाल्टार आठवला. आणि बाल्टार आठवला की दादा आठवतातच.

दादा म्हणजे आमचे कॅम्प नंबर चारमधले शेजारी. आमची खोली आणि त्यांची बरॅक समोरासमोर. (सिंधी लोक वडीलधाऱ्या पुरुषाला दादा म्हणतात. माझी आईसुद्धा त्यांना दादाच म्हणायची, त्यामुळे आमच्या घरातल्या खऱ्या दादाला नावाने हाक मारावी लागे.) त्यांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं, त्यामुळे त्यांच्या घरी कायम एक तरी चालू टीव्ही असायचा. ऐंशीच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर 'स्टार ट्रेक' लागायचं तेव्हा आम्ही आठ-दहा पोरं त्यांच्या फरशीवर बसून ते बघायचो. इंग्रजी एका अक्षराने कळायचं नाही. दादा मध्येमध्ये सांगायचे, "पुट, ये अच्छा आदमी है, ये खराब आदमी है." बस्स, तेवढ्यावर आमचं भागायचं.

पुढे मी नोकरीला लागलो, आम्ही फ्लॅटमध्ये गेलो, दादांनी दुकान बंद केलं. २००९ साली माझ्या मावसभावाने अमेरिकेहून येताना 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका'च्या डीव्हीडी आणल्या, जुन्या मालिकेच्याही आणि नव्याही. बायकोने पहिल्या भागातच हात जोडले. मग मला आठवलं, हे बघायला आपल्या ओळखीत एकच माणूस आहे. तेव्हापासून जवळजवळ वर्षभर दर रविवारी दुपारी दादा आमच्याकडे यायचे. वय एकाहत्तर, मोतीबिंदू नुकताच काढलेला, हातात डाळ-पकवानची पिशवी. दोन भाग बघायचे, चहा घ्यायचा आणि जायचं. त्या वर्षात मला एका खलनायकाची तीस वर्षांची गोष्ट कळली, आणि जिच्याबद्दल मी कधी विचारलंही नव्हतं अशी दुसरीही एक.

(ज्यांना ही मालिका अजून पाहायची आहे त्यांनी इथेच थांबावं. पुढे सगळंच सांगून टाकलंय.)

*

पहिली 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' ग्लेन लार्सन यांची. अमेरिकेत एबीसी वाहिनीवर तिचा पहिला भाग १७ सप्टेंबर १९७८ ला दाखवला गेला. गोष्ट अशी. माणसांच्या बारा वसाहती आहेत, बारा राशींवरून नावं ठेवलेल्या. सायलॉन नावाच्या यंत्रमानवांशी त्यांचं हजार वर्षं युद्ध चाललंय. एक दिवस सायलॉन तहाचा निरोप पाठवतात. मध्यस्थ असतो काउंट बाल्टार, माणसांतलाच एक. राष्ट्राध्यक्ष विश्वास ठेवतात, सगळं आरमार तहासाठी गोळा होतं आणि तिथेच त्याचा फडशा पडतो. बाराही वसाहती बेचिराख होतात. गॅलॅक्टिका हे एकच लढाऊ जहाज वाचतं आणि उरलेली माणसं, मिळेल त्या दोनशेवीस जहाजांत कोंबून, पृथ्वी नावाच्या कधी न पाहिलेल्या ग्रहाच्या शोधात निघतात.

गंमत अशी की त्याच रात्री व्हाइट हाउसमध्ये कॅम्प डेव्हिडच्या करारांवर सह्या झाल्या आणि ती बातमी दाखवायला एबीसीने हा भाग मध्येच थांबवला. पडद्यावर खोट्या तहाची गोष्ट चालली होती, ती खऱ्या तहासाठी तोडली! सही करणाऱ्यांपैकी अन्वर सादात यांना १९८१ साली त्यांच्याच लष्करातल्या माणसांनी मारलं. त्या मारेकऱ्यांच्या लेखी सादात कोण होते, हे वेगळं सांगायला नको.

या पहिल्या बाल्टारचं काम जॉन कोलिकोस या कॅनेडियन नटाने केलंय. त्याने तोंड उघडलं मात्र, दादा खुर्चीत सरसावले. "अरे, ये तो वो क्लिंगॉन है!" मी शोधून पाहिलं तर खरंच. 'स्टार ट्रेक'मध्ये १९६७ साली दिसलेला कोर नावाचा पहिला क्लिंगॉन सेनापती याच माणसाने रंगवला होता. दादांनी तो वीसेक वर्षांनंतर नुसत्या आवाजावरून ओळखला. टीव्ही दुरुस्त करणाऱ्याचा कान!

बाल्टारने हे का केलं, याचं मालिकेतलं उत्तर अगदीच किरकोळ आहे. त्याला म्हणे आपल्या वसाहतीवर राज्य हवं होतं. ती वाचवण्याचं वचन सायलॉनांनी दिलं होतं, काम झाल्यावर ते फिरवलं आणि त्यालाच ठार मारायचा हुकूम दिला. हाच पहिला भाग सिनेमा म्हणून कॅनडात आणि इतरत्र थिएटरांत लागला होता, त्यात बाल्टार तिथेच मरतो. गद्दाराला शिक्षा झाली, विषय संपला. टीव्हीवर मात्र तलवार गळ्यापाशी थांबते. पुढे सायलॉनांचा नवा सर्वोच्च नेता येतो, तो बाल्टारला जीवदान देतो, एक जहाज आणि ल्युसिफर नावाचा एक तिरकस बोलणारा यंत्रमानव मदतीला देतो आणि माणसांच्या मागावर पाठवतो. मला यात कथेपेक्षा वेळापत्रकाचा हात जास्त दिसतो. सिनेमाला खलनायक एकदाच पुरतो. दर आठवड्याला चालणाऱ्या मालिकेला तो दर आठवड्याला लागतो, आणि यंत्रमानवांच्या लाल दिव्याकडे बघून रागवायचं तरी किती? रागवायला माणसाचंच तोंड लागतं.

मग बरेच भाग बाल्टार एका उंच खांबावरच्या खुर्चीत बसून, खालून पडलेल्या उजेडात, हुकूम सोडत राहतो. पण शेवटाकडे त्याची खरी मजा येते. तो पकडला जातो आणि गॅलॅक्टिकाच्या ताफ्यातल्या तुरुंगात बसतो. २९ एप्रिल १९७९ च्या शेवटच्या भागात त्याच्याकडे असलेली एक माहिती माणसांना हवी असते. कमांडर अदामा त्याच्याशी सौदा करतो. माहिती दे, तुला राहण्याजोग्या एखाद्या ग्रहावर सोडून देऊ. ज्याने अब्जावधी माणसं मारवली त्याच्याशी व्यवहार, आणि तोही अगदी शांतपणे. हे बघून दादा म्हणाले, "बरोबर आहे. जगायचं असेल तर गद्दाराशीही बोलावं लागतं."

मला ते वाक्य तेव्हा सहज वाटलं होतं. मालिका तिथेच बंद पडली. एका वर्षातच.

*

आपल्याकडे गद्दारांशी सौद्याची परंपरा फारशी नाही, शिक्षेची आहे. अफझलखानाला जाऊन मिळालेल्या खंडोजी खोपड्याचा जीव कान्होजी जेध्यांच्या शब्दाखातर वाचला, पण एक हात आणि एक पाय गेला, हे आपण शाळेपासून ऐकतो. सूर्याजी पिसाळाचं तर नावच सामान्यनाम झालं. १६८९ साली रायगड पडला तो वाईच्या देशमुखीच्या आमिषाने, असं सांगतात. अभ्यासक त्यावर वाद घालतात, पण नावाला त्याचं काय? ते एकदा चिकटलं की सुटत नाही. २०२५ साली 'छावा' आला तेव्हा शिर्के घराण्याच्या वंशजांनी आक्षेप घेतला आणि दिग्दर्शकाला दिलगिरी व्यक्त करावी लागली. सव्वातीनशे वर्षं झाली तरी आडनाव राखायला माणसं उभी राहतात, यावरून तो शिक्का किती खोल असतो ते कळावं.

असो. पुन्हा गॅलॅक्टिकाकडे.

*

नवी मालिका रोनाल्ड मूर आणि डेव्हिड आयिक यांनी केली. डिसेंबर २००३ मध्ये दोन रात्रींची लघुमालिका आली आणि मग २००४ ते २००९ पूर्ण मालिका. सुरुवातीच्या शीर्षकसंगीतात चक्क गायत्री मंत्र आहे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा दादांनी सवयीने हात जोडले आणि मग आम्ही दोघंही हसलो.

या मालिकेत बाल्टारला पहिलं नाव मिळालं, गायस. काम जेम्स कॅलिस या इंग्रज नटाचं. आता तो काउंट नाही, शास्त्रज्ञ आहे. हुशार, देखणा, बायकांच्या मागे लागणारा, स्वतःवर बेहद्द खूश. एका सुंदर बाईवर भाळून तो तिला संरक्षण खात्याच्या संगणकांत शिरकाव करून देतो. त्याला वाटतं ती एखाद्या कंपनीची हेर असेल, कंत्राटासाठी धडपडत असेल. ती असते सायलॉन. या वेळी सायलॉन माणसांसारखे दिसतात. तिने पेरलेल्या चोरवाटांमुळे सगळी अद्ययावत जहाजं ऐन हल्ल्यात बंद पडतात. गॅलॅक्टिका वाचते, कारण ती म्हातारी असते, तिचे संगणक एकमेकांना जोडलेलेच नसतात आणि तिचं संग्रहालय व्हायचं ठरलेलं असतं.

म्हणजे पहिला बाल्टार जाणूनबुजून गद्दार होता, दुसरा न कळत. नवीन लेखकांनी केलेला हा एकच बदल, पण त्यातून पुढचं सगळं निघतं. पहिला बाल्टार काय करून बसलाय हे सगळ्यांना माहीत असतं. दुसऱ्याचं फक्त त्याला माहीत असतं आणि आपल्याला. तो पकडला जाईल की काय या भीतीने आपल्याच छातीत धडधडतं. गुन्हेगाराच्या बाजूने आपण कधी जाऊन बसलो हे आपल्यालाही कळत नाही.

लघुमालिकेत एक प्रसंग आहे. बेचिराख होत चाललेल्या कॅप्रिकावरून एक छोटं यान निघतंय, जागा मोजक्या, म्हणून चिठ्ठ्या टाकल्यात. एक म्हातारी, चष्मा हरवलेली, बाल्टारला म्हणते, माझा नंबर वाचून सांग. नंबर लागलेला असतो. बाल्टार चिठ्ठी हातात धरून उभा राहतो. क्षणभरच, पण तो काय विचार करतोय ते स्पष्ट दिसतं. तेवढ्यात हीलो नावाचा वैमानिक त्याला ओळखतो आणि एवढा मोठा शास्त्रज्ञ जगायला हवा म्हणून स्वतःची जागा त्याला देऊन आपण मागे राहतो.

हा प्रसंग झाल्यावर दादांनी मला डीव्हीडी थांबवायला सांगितली. पाणी प्यायले. मग म्हणाले, "बोटीच्या तिकिटांचंही असंच होतं." त्या दिवशी पुढे काही बोलले नाहीत.

*

उल्हासनगरबाहेरच्यांसाठी थोडा इतिहास. सिंध हा प्रांत १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यातच होता. फाळणीत पंजाब आणि बंगालचे दोन तुकडे झाले, सिंध मात्र अख्खा पाकिस्तानात गेला. सिंधी हिंदूंना वाट्याला आलेला असा अर्धा प्रांत कुठेच नव्हता. ऑगस्ट १९४७ मध्ये तिथे पंजाबच्या मानाने शांतता होती, त्यामुळे पुष्कळ लोक थांबले. ६ जानेवारी १९४८ ला कराचीत दंगल झाली आणि मग लोंढाच सुरू झाला. कराचीहून बोटीने मुंबई, मुंबईहून कल्याण. कल्याणजवळ दुसऱ्या महायुद्धात बांधलेली लष्करी छावणी रिकामी पडली होती, तिच्या बरॅकींत लाखाच्या घरात माणसं भरली. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते कोनशिला बसली आणि कल्याण कॅम्पचं उल्हासनगर झालं. नाव बदललं तरी पत्ता कॅम्प एक ते कॅम्प पाच असाच राहिला, आजही आहे.

दादा शिकारपूरचे. फाळणीच्या वेळी नऊ वर्षांचे. ही मालिका बघताना त्यांचा जीव तिच्यात का गुंतला हे मला उशिरा कळलं. आमच्या-तुमच्यासाठी ती अंतराळातली गोष्ट. त्यांच्यासाठी घर गेलेल्या माणसांची. मालिकेच्या शीर्षकातच उरलेल्या माणसांचा आकडा दिसतो, पन्नास हजारांच्या आत-बाहेर, आणि तो भागागणिक बदलतो. राष्ट्राध्यक्ष लॉरा रॉस्लिन, जी वारसाक्रमात त्रेचाळिसावी असते, मूळची शिक्षणमंत्री, तो आकडा फळ्यावर स्वतःच्या हाताने पुसून लिहिते. दादा म्हणायचे, "रेशनवाला येऊन डोकी मोजायचा तसंच."

एकदा मी विचारलं, "दादा, तुमच्या सिंधचा बाल्टार कोण?" मला वाटलं फटकन एखादं नाव सांगतील. ते हसले. म्हणाले, "कोणाला धरणार? मार्च १९४३ मध्ये सिंधच्या विधिमंडळात पाकिस्तानचा ठराव मांडला जी. एम. सय्यद यांनी. पुढे तेच सय्यद 'जिये सिंध' म्हणून उभे राहिले आणि पाकिस्तानने त्यांना गद्दार ठरवलं. आयुष्याची कित्येक वर्षं तुरुंगात आणि नजरकैदेत गेली, १९९५ साली वारले. आणि अल्लाबक्ष सूमरो फाळणीच्या विरोधात होते, इंग्रजांचे किताब परत केले म्हणून मुख्यमंत्रिपद गेलं, १९४३ सालीच आमच्या शिकारपुरात त्यांना गोळ्या घातल्या. आता सांग, कोण कोणाचा गद्दार?" (दादा हे सगळं त्यांच्या सिंधी वळणाच्या हिंदीत बोलत. मी मराठीत देतोय, त्यातली चव गेली आहे.)

*

मालिकेत बाल्टार पुढे काय होतो? निवडून येतो! गद्दार खलनायकाला लोकांनीच राष्ट्राध्यक्ष करावं, ही कल्पना मला आजही थरारक वाटते. माणसं भटकून थकलेली असतात. एक बऱ्यापैकी ग्रह सापडतो. रॉस्लिन म्हणते इथे थांबणं धोक्याचं आहे, बाल्टार म्हणतो थांबू या, तंबू ठोकू या, पुरे झालं पळणं. लोक बाल्टारला मतं देतात. वर्षभर ते चिखलात, तंबूंत राहतात, आणि मग सायलॉन येऊन डोक्यावर बसतात. बाल्टार शरणागती पत्करतो. पुढे कपाळाला पिस्तूल लावून त्याच्याकडून माणसांना ठार करण्याच्या हुकमावर सही घेतली जाते.

ऑक्टोबर २००६ मध्ये सुरू झालेल्या या तिसऱ्या पर्वात लेखक गद्दारी एकट्या बाल्टारपाशी ठेवत नाहीत, ती सगळ्यांत वाटून टाकतात. सायलॉनांच्या पोलिसात भरती झालेली साधी पोरं आहेत. नवऱ्याला वाचवण्यासाठी लढणाऱ्यांचा नकाशा देऊन टाकणारी एलन आहे, आणि तिला स्वतःच्या हाताने विष पाजणारा तिचा नवरा आहे. बाल्टारच्या कार्यालयात बसून गुपचूप लढणाऱ्यांना बातम्या पुरवणारा गेटा आहे, ज्याला सुटकेनंतर आपलेच लोक गद्दार समजून मारायला निघतात. थोडक्यात वाचतो. हाच गेटा पुढे खरोखर बंड करतो आणि गोळ्या खातो. आधी तो गद्दार नव्हता तेव्हा लोकांनी त्याला ठरवला, आणि मग तो झाला.

तंबूंचे ते भाग चालू असताना एका रविवारी दादांनी सांगायला सुरुवात केली. मी काही विचारलं नव्हतं.

दादांचे वडील शिकारपुरात त्यांच्या मोहल्ल्याचे मुखी होते. मुखी म्हणजे पंचायतीचा प्रमुख, लोक त्याचा शब्द मानत. ऑक्टोबर १९४७ मध्ये मोहल्ल्यातली काही घरं निघायला तयार झाली होती. वडील म्हणाले, थांबा. इथे पिढ्या गेल्या, इथे काही होणार नाही, घाईने घरं विकाल तर मातीमोल जातील. लोक थांबले. डिसेंबरात सगळं बदलायला लागलं आणि जानेवारीत जी घाई झाली तीत घरं मातीमोलानेच गेली. मोहल्ल्यातलं एक कुटुंब बोटीच्या तिकिटांसाठी कराचीत पोचलं होतं, नेमकं दंगलीच्या दिवशी. त्यांचा सतरा वर्षांचा मुलगा परत आला नाही.

कल्याण कॅम्पात मोहल्ल्यातली घरं योगायोगाने एकाच रांगेत आली. आणि तिथे कोणीतरी पहिल्यांदा म्हणालं, मुख्याने पैसे खाल्ले. घरं स्वस्तात घ्यायची होती त्यांनीच त्याला लोकांना थोपवून धरायला सांगितलं. मग ते सगळेच म्हणायला लागले. "मला शाळेत पोरं 'दलालाचा पोरगा' म्हणायची," दादा म्हणाले. "पाण्याच्या नळावर आई गेली की बायका बादल्या उचलून बाजूला व्हायच्या."

"आणि खाल्ले होते का पैसे?" मी विचारलं. विचारल्यावर लाज वाटली, पण विचारलं खरं.

"आम्ही दोन ट्रंका घेऊन आलो, पुट. त्यांत भांडी होती." मग जरा थांबून म्हणाले, "पण मी नऊ वर्षांचा होतो. मला काय माहीत?"

साठ वर्षांनंतरही ते "नाही" म्हणाले नाहीत. वडिलांच्या बाजूने खोटी साक्षही द्यायची नाही, इतकी सचोटी मी क्वचित पाहिली आहे.

*

बाल्टारवर खटला चालतो. हे भाग मार्च २००७ मधले. सगळ्यांना त्याचं डोकं हवं असतं. अदामाचा मुलगा ली साक्षीत सांगतो ते साधारण असं : आपण सगळ्यांनाच माफ केलं आहे, बंड करणाऱ्यांना, चुका करणाऱ्यांना, माझ्या वडिलांना आणि मलाही. मग याच एका माणसाला यानातून बाहेर फेकल्याने आपली लाज धुऊन निघणार आहे का? पाचपैकी तीन न्यायाधीश त्याला निर्दोष ठरवतात. अदामा स्वतः त्या तिघांत असतो.

कायद्याने सुटला, पण ज्या गुन्ह्याने वसाहती गेल्या तो खटल्यात आलाच नाही, कारण तो कोणाला माहीतच नाही. तो येतो जून २००८ मध्ये दाखवलेल्या 'द हब' नावाच्या भागात. बाल्टार जखमी आहे, वेदनाशामकाच्या गुंगीत तो रॉस्लिनपाशी बरळून जातो की संरक्षणाची दारं मीच उघडली होती. खोलीत दोघंच. रॉस्लिन त्याची पट्टी सोडते. तो रक्तस्रावाने मरत असताना ती बाजूला बसून राहते. आणि मग उठते, आणि पुन्हा पट्टी बांधते. माफी वगैरे काही म्हणत नाही.

मला वाटतं १९७८ पासून चाललेला हिशोब या ठिकाणी पूर्ण होतो. सिनेमातल्या बाल्टारला मारून टाकलं, टीव्हीवरच्याला मालिकेच्या गरजेने जगवलं, अदामाने व्यवहार म्हणून सोडलं, न्यायालयाने पुराव्याअभावी सोडलं. रॉस्लिन मात्र सगळं माहीत असून त्याला मरू देत नाही. गद्दार सापडला की आपलं दुःख संपेल असं तिलाही वाटलं असणार. ते संपत नाही, हे तिला पट्टी सोडल्यावर कळतं.

भाग संपला. दादा बराच वेळ तसेच बसले. मग म्हणाले, ज्यांचा मुलगा कराचीत गेला ती बाई आमच्या समोरच्याच बरॅकीत राहायची. वडिलांशी बावीस वर्षं बोलली नाही. पण १९५६ मध्ये वडिलांना टायफॉइड झाला, आई स्वतः आजारी, तेव्हा रोज दुपारी आमच्या उंबऱ्यावर कढीचं पातेलं असायचं. ठेवून निघून जायची. महिनाभर.

"म्हणजे माफ केलं?"

"नाही, माफ नाही केलं," दादा म्हणाले. "कढी दिली."

*

दादा २०१६ साली गेले. शेवटचा भाग त्यांना मनापासून आवडला होता. त्यात बाल्टार शेवटी पृथ्वीवर पोचतो. आपण शेतकऱ्याच्या घरचे, हे त्याने आयुष्यभर लपवलेलं असतं, बोलण्याची ढबसुद्धा बदललेली असते. आणि शेवटी त्या सायलॉन बाईला तो सांगतो की शेतीचं मला थोडंफार कळतं, आणि रडतो. तीस वर्षांपूर्वी खांबावरच्या खुर्चीतून हुकूम सोडणारा माणूस इथवर येईल असं कोणाला वाटलं असतं? दादा म्हणाले, "आता हा खराब आदमी की अच्छा आदमी, मला विचारू नकोस."

त्यांची बरॅक कधीच पाडली गेली. तिथे आता पाच मजली इमारत आहे, तिचाही स्लॅब गळतो म्हणतात.

सोसायटीच्या सभेबद्दल सांगायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी खजिनदारांकडे गेलो. त्यांनी पैसे घेतले की नाही, मला माहीत नाही. विचारलंही नाही. बिल्डरच्या कागदांची फाइल मागितली, ती त्यांनी दिली. पुढच्या सभेत ती सगळ्यांसमोर ठेवायची असं ठरलं. निघताना त्यांच्या बायकोने चहा विचारला. गेले चार दिवस कोणी घरी आलं नव्हतं, असं त्या म्हणाल्या.

मी चहा घेतला.